बैतबाजीची वही

मराठीत आपण ज्याला कवितांच्या भेंड्या म्हणू, तिला उर्दूत बैतबाजी म्हणतात. एका संघाने शेर म्हणायचा आणि त्याच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा शेर दुसऱ्या संघाने द्यायचा. वेळेत सुचला नाही तर घंटी वाजते. बी.एड. करून उर्दू शाळेत लागलो त्याच वर्षी मुख्याध्यापकांनी बैतबाजीची जबाबदारी माझ्यावर सोपवली. "सर, तुम्ही तरुण आहात. ढाल आली पाहिजे," एवढेच ते म्हणाले.

मी एक जाड वही केली. तिच्यात शेर ना कवीप्रमाणे लावले होते, ना विषयाप्रमाणे. पहिले अक्षर कोणते आणि शेवटचे कोणते, एवढ्यावरच रकाने आखले होते. 'जमीन'मधल्या 'ज'सारख्या उच्चाराची उर्दूत चार अक्षरे आहेत : जाल, जे, ज्वाद आणि जोय. कानाला सारखी, पण बैतबाजीत चौघांची चार घरे. ज्वादने सुरू होणारे शेर फार थोडे. म्हणून समोरच्याला पुन्हा पुन्हा ज्वादच द्यायचा, ही आमची युक्ती. गझलेत प्रत्येक शेराच्या शेवटी तीच रदीफ येते. त्यामुळे ज्वादवर संपणारी एक गझल पाठ केली की सात-आठ शेर एकदम हाती लागतात. त्यातून जुन्या दीवानांत गझला शेवटच्या अक्षराच्या क्रमानेच लावलेल्या असतात. मी सरळ ज्वादचे पान उघडायचो. गझल चांगली की सुमार, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नाही.

लागोपाठ तीन वर्षे तालुक्याची ढाल आमच्याकडे आली.

त्या तिसऱ्या वर्षी आठवीत एक मुलगी होती. तिची आई घरी विड्या वळायची. शेजारी बसून पाने कातरता कातरता ही शेर पाठ करायची. शाळेत सर्वांत जास्त शेर तिलाच येत. पण म्हणण्याआधी ती क्षणभर थांबायची. निवडीच्या वेळी मी हातात घड्याळ धरून बसलो होतो. दोनदा तिची वेळ संपली. "विचार कशाला करतेस? अक्षर पकड आणि बोल!" मी सर्वांसमोर रागावलो आणि तिला संघातून वगळले. त्यानंतर ती वर्गात हात वर करीनाशी झाली. माझ्या ते लक्षातही आले नाही. मी ढालीच्या मागे होतो.

ढाल घेऊन एस.टी.ने परतताना, ज्या मुलाच्या शेरावर आम्ही जिंकलो होतो त्याला मी सहज त्याचा अर्थ विचारला. तो गोंधळून म्हणाला, "सर, उसमें माने भी पूछते क्या?" तो उद्धटपणे बोलला नव्हता. नियम बदलला की काय, अशी त्याला खरोखरच काळजी वाटली. सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री वही उघडून बसलो तेव्हा हसू मावळले. त्यातले कितीतरी शेर मलाही कळत नव्हते. मी ते उतरवले होते, वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तोच शेर फळ्यावर लिहिला. वाट पाहण्याविषयीचा, साधाच होता. अर्थ कोण सांगेल, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. बऱ्याच वेळाने त्या मुलीने हात वर केला. "चच्चा सौदी गए तब से दादी ऐसाच करती, सर. दरवाजा बजा की उठके बैठती." मी तिला विचारले, "तू शेर म्हणताना थांबतेस का?" ती म्हणाली, "पूरा याद करके बोलती, सर. आधा बोले तो खराब लगता."

मी बी.एड.ला मूल्यमापनाचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवला होता. पण त्या मुलीचे मोजमाप मी घड्याळाने केले.

मग गुरुवारच्या शेवटच्या तासाला आम्ही बिनघंटीची बैतबाजी सुरू केली. नियम एकच : शेर म्हणेल त्याने आपल्याला काय कळले ते दोन वाक्यांत सांगायचे. थांबायला परवानगी. एकदा एका मुलाने 'ज'वर मराठीच्या पुस्तकातली कविता म्हटली आणि हा 'ज' चौघांपैकी कोणता, यावर अर्धा तास वाद रंगला. वली आणि सिराज हे आपल्याच मराठवाड्यातल्या औरंगाबादचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), हे मुलांना तेव्हा कळले. गालिबचा उर्दू दीवान १८४१ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. तो पातळसाच आहे, कारण तरुणपणीचे पुष्कळ शेर गालिबने स्वतःच गाळले. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "फिर हम क्यों इतने याद करते?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या वर्षी ती मुलगी संघात होती. तिच्यावर एकदा घंटी वाजली. आम्ही तिसरे आलो. मुख्याध्यापक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. ढाल आली की पालकांना शाळा दिसते, जूनमध्ये चार प्रवेश वाढतात, पटसंख्या टिकते. उर्दू शाळेत ही छोटी गोष्ट नाही. पहिला नंबर वाईट, असे मी म्हणणार नाही. मिळाला तर मिठाई वाटावी. पण आमच्या वर्गाच्या भिंतीवर ज्ञान वाढावे म्हणून मागायची दुआ लिहिलेली आहे. तिच्यात शेजाऱ्यापेक्षा जास्त वाढावे, असे कुठे नाही. रोज ती म्हणत असूनही हे कळायला मला तीन ढाली लागल्या.

वही अजून माझ्याकडे आहे. रकान्यांशेजारच्या कोऱ्या जागेत आता मी अर्थ लिहितो. समजेल तो आणि समजेल तेव्हा. काही शेर सामान्य निघाले, त्यांच्यावर काट मारली. काही असे निघाले की इतकी वर्षे ते माझ्या वहीत होते आणि मला पत्ताच नव्हता. ज्वादचे पान यायला अजून अवकाश आहे. घाई नाही.