जांभळ्या लाकडाची बाभूळ

धाकट्या बहिणीकडे ॲडलेडला गेलो होतो. मेहुणे म्हणाले, "भाईजान, समुद्र तुम्ही कोकणात रोज बघता. इथला कोरडा मुलूख बघून जा." पाचशे किलोमीटर गाडी हाकून ब्रोकन हिल गाठलं. खाणींचं गाव. तिथे तांबड्या पत्र्याची छोटीशी मशीद आहे. एकोणिसाव्या शतकात उंटवाल्यांनी आपल्या तळावर बांधलेली. आता ती संग्रहालय म्हणून जपली आहे.

दुसऱ्या दिवशी तिथून 110 किलोमीटरवरच्या मेनिंडीला निघालो. 1860 साली बर्क आणि विल्स यांची मोहीम याच गावावरून उत्तरेकडे गेली. कराचीहून जहाजाने आणलेल्या उंटांसोबत जे उंटवाले आले, त्यांत दोस्त महंमद होता. उंटाच्या चाव्याने त्याचा हात निकामी झाला आणि मायदेशी परतणं राहूनच गेलं. गावाबाहेर त्याची कब्र आहे. फातिहा पढून वळलो तर सदऱ्याची बाही काटेरी झुडपात अडकली.

"ही तर आपली बाभूळच!" मी म्हणालो. अगदीच चूक नव्हतं. ही वॉटल, म्हणजे ऑस्ट्रेलियातली बाभूळ. कोकणात रस्त्याकडेला लावलेली आकेशियाही हिच्याच कुळातली. गंमत अशी की, 'अकेशिया' हे शास्त्रीय नाव आता ऑस्ट्रेलियावाल्यांकडे राहिलं आणि आपल्या बाभळीला 'वॅशेलिया' हे नवं नाव मिळालं. जिच्यावरून नाव पडलं तीच घराबाहेर!

जवळच्या किंचेगा राष्ट्रीय उद्यानात पर्पलवूड वॉटल नावाची दुर्मीळ जात आहे, असं कळल्यावर मी हट्टच धरला. तांबडी वाळू, खुरटी झुडपं, आणि सगळी सारखीच दिसणारी. दोनदा मी ओरडलो, "सापडली!" दोनदा फसलो. उद्यानातल्या बाई हसल्या. म्हणाल्या, फुलं नसताना सगळे डेड फिनिश नावाच्या झुडपाशीच फसतात.

मग त्यांनी खूण दाखवली. दोन्हींची पानं दाभणासारखी ताठ आणि टोकदार. खरं तर ती पानं नव्हेतच, पानाचे देठच तसे झालेले. त्यामुळे पाणी कमी उडतं. पण डेड फिनिशमध्ये एकाच पेरावर ती झुबक्याने येतात. पर्पलवूडमध्ये एकेकटी. शेंगा मिळाल्या तर आणखी सोपं: डेड फिनिशच्या वेड्यावाकड्या वळलेल्या, हिच्या जाड, लाकडासारख्या कठीण. पण शेंगा मिळतात कुठे? बहुतेक ठिकाणी ही झाडं बीच धरत नाहीत. मुळांतून कोंब फुटतात, म्हणून एका ठिकाणचा अख्खा जमाव एकाच झाडाचा पसारा असू शकतो. तेवढ्यावरही निभावलं असतं. पण साहेबलोकांनी आणलेले ससे आणि मेंढ्या ते कोवळे कोंब कुरतडतात. जुनी झाडं वाळत जातात, मागे नवं काही उरत नाही.

तिसऱ्या वेळी मी ओरडलो नाही. आधी पेर पाहिलं. दाभण एकटंच होतं. शेजारी एक वठलेला बुंधा मोडून पडला होता. आतलं लाकूड गर्द जांभळं, वाळलेल्या कोकमासारखं. बाईंनी मान हलवली. मी वाकून बुडाशी पाहिलं: बोटभर उंचीचे चार कोंब, चारही शेंड्यांपासून खुडलेले. जवळच लेंड्या पडल्या होत्या.

मेहुणे फोटो काढत होते. म्हणाले, "भाईजान, जरा बाजूला व्हा, झाड दिसू द्या."