उतारूंवाचून स्टेशन

रेल्वेच्या खातेवहीत स्टेशनाची किंमत तेथे चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांवरून ठरते. आणि हिशेब म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु इंग्लंडातील ॲडलस्ट्रॉप या खेड्याच्या स्टेशनाचा इतिहास पाहिला, म्हणजे त्या खातेवहीत एक रकाना कमी आहे असे वाटू लागते.

ग्लॉस्टरशायर परगण्यातील हे स्टेशन ऑक्सफर्ड-वूस्टर मार्गावर १८५३ साली उघडले. पुढील साठ वर्षे त्याचे नाव त्या मुलखाबाहेर कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २४ जून १९१४ रोजी एडवर्ड टॉमस या लेखकाची गाडी तेथे क्षणभर थांबली. ओस फलाट, उन्हाची वेळ, पाखरांचा आवाज, एवढेच. सहा आठवड्यांच्या आत इंग्लंड महायुद्धात उतरले. जानेवारी १९१५ मध्ये टॉमसने त्या क्षणावर सोळा ओळींची कविता लिहिली. त्याच वर्षी तो सैन्यात दाखल झाला, आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरास येथील लढाईत पडला.

ही कविता मी वर्गात घेतो तेव्हा कोणीतरी हटकून विचारतो, "सर, हिच्यात घडते काय?" काहीच घडत नाही, हे खरे आहे. तीत युद्धाचा उच्चारदेखील नाही. परंतु ज्यात काही घडत नव्हते असा तो शेवटचा उन्हाळा होता, हे लिहिताना कवीस पुरते ठाऊक होते.

पुढे मोटारी वाढल्या व रेल्वे तोट्यात गेली. एकतृतीयांश लोहमार्गावर प्रवासी वाहतुकीचा शेकडा एकच हिस्सा चालतो, असे १९६३ साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने दाखविले. त्या छाटणीच्या काळात, जानेवारी १९६६ मध्ये, ॲडलस्ट्रॉपही बंद झाले. मौज ही की, फलाटावर कोणी नसणे हाच हिशेबनिसाच्या लेखी स्टेशनाचा दोष, आणि कवीच्या लेखी तोच त्याचा गुण! दोघांनी पाहिले ते एकच, आणि दोघांचेही म्हणणे खरे.

गाड्या आजही त्या मार्गाने धावतात, पण तेथे थांबत नाहीत. स्टेशनाची पाटी आता गावातील बसच्या निवाऱ्यात आहे. शेजारी रेल्वेचे जुने बाक, आणि त्यावर ती कविता. त्या काळात बंद पडलेल्या शेकडो स्टेशनांची नावे आज रेल्वेच्या अभ्यासकांनाच ठाऊक असतील. ॲडलस्ट्रॉप मात्र इंग्लंड कधी न पाहिलेल्या आमच्या मुलांना तोंडपाठ असते.