टरफलावरचा हिशेब

आपल्याकडे बाजारात तांबूस अंड्याला पांढऱ्यापेक्षा चढा भाव मिळतो आणि गिऱ्हाईक तो खुशीनं देतं. तांबूस म्हणजे गावरान आणि गावरान म्हणजे कसदार, असं सगळे धरून चालतात. कोंबड्या पाळणाऱ्यानं तरी हे धरून चालू नये. टरफलाचा रंग मुळात जातीवर ठरतो. पोल्ट्रीतली बीव्ही-३०० लेगहॉर्न वंशाची, म्हणून तिचं अंडं पांढरं. तांबडी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्याही पिंजऱ्यातच वाढतात. कडकनाथचं मांससुद्धा काळं, पण अंडं फिकट बदामी. हा तांबूसपणा प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. टरफल पुरं होताना शेवटच्या काही तासांत ते वरच्या थरात बसतं, म्हणून अंडं फोडून आतून पाहिलं तर टरफल पांढुरकंच दिसतं. रंगावरून कस ठरवता येत नाही.

तरीही टरफल रोज निरखून पाहावं, असं माझं ठाम मत आहे. फक्त तुलना बाजारातल्या अंड्याशी न करता त्याच कोंबडीच्या आधीच्या अंड्याशी करावी. परसात पाच-सात कोंबड्या असल्या की कुठलं अंडं कुणाचं, हे खुराडं सांभाळणाऱ्याला सहसा ओळखता येतं. टरफल तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं. तेवढ्या वेळात कोंबडी कुत्र्यानं हुसकली, जागा बदलली, घाबरून तिनं अंडं पोटातच धरून ठेवलं, तर तांबूस टरफलावर चुन्याचा जादा हात बसतो आणि अंडं राख फासल्यासारखं दिसतं. कधी बारीक खरबरीत पुटकुळ्या येतात. त्या नखानं खरवडल्या तर निघतात, क्वचित खाली छिद्रही राहतं. कधी मधोमध वळ दिसतो. ते आतच तडकून पुन्हा सांधलेलं टरफल असतं. नव्यानं अंड्यावर आलेल्या तलंगेची पहिली काही अंडी अशी वेडीवाकडी असतात, त्यात काळजीचं काही नाही.

आमच्या मंगळवेढ्यात टरफलाच्या या गोष्टीला ज्वारीची जोड आहे. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडीचा लौकिक वेगळा सांगायला नको, आणि परसातल्या कोंबड्यांपुढेही तीच पडते. पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. एका टरफलाला लागतं दीड ते दोन ग्रॅम. रोज तेवढ्याच नुसत्या दाण्यावर एका अंड्याची भरपाई व्हायला दोन महिने लागतील! उरलेलं कोंबडी किडे-पाल्यातून, मातीतल्या खड्यांतून मिळवते, नाहीतर स्वतःच्या हाडांतून काढून देते. त्यात एप्रिल-मेचं ऊन. पारा चाळिशीपार गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्या धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि टरफलाचा कार्बोनेट बनायला तोच हवा असतो. शिवाय उन्हात तिचं खाणंही कमी होतं. म्हणून उन्हाळ्यात टरफल पातळ पडतं, बोटानं दाबलं तरी दबतं. त्याला नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळण्यापेक्षा दुपारची सावली आणि गार पाणी उपयोगी पडतं.

कॅल्शियमसाठी शिंपला घालावा म्हटलं, की जुनी माणसं सांगतात, गावरान कोंबडी उकिरड्यावर सगळं शोधून खाते, पिढ्यान्‌पिढ्या तिला कुणी शिंपला घातला नाही. हे खरंच आहे. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी, मधूनमधून खुडूक बसणारी कोंबडी आपली झीज भरून काढते. पण आता त्याच परसात गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती आल्या आहेत. त्यांची अंडी कितीतरी जास्त, आणि उन्हाळ्यात इथल्या उकिरड्यावर ओला पाला-किडा मिळतो कुठे? शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी ठेवावा. जाड तुकडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रीच्या कामाला पुरतात. गरज असलेली कोंबडी ते स्वतः टिपते. पिल्लांच्या खाद्यात मात्र हा चुरा मिसळू नये, जादा कॅल्शियमनं त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

दुसरा आक्षेप असा, की एखाद्या वेड्यावाकड्या अंड्याचं एवढं काय घेऊन बसायचं? एकाच अंड्याचं काहीच नाही. एकाच कोंबडीची ओळीनं तीन-चार अंडी तशी आली तर तिचं खाणं, वय, जंत पाहावेत. पण एकाच आठवड्यात बऱ्याच कोंबड्यांची अंडी फिकट, सुरकुतलेली किंवा टरफलाविना लिबलिबीत येऊ लागली आणि संख्याही घटली, तर शिंपल्यावर विसंबू नये. मानमोडी आणि संसर्गजन्य ब्राँकायटिस हे रोग अशी खूण टरफलावर ठेवतात, आणि लस दिलेल्या कोंबड्यांत मानमोडीचं एवढंच लक्षण कधी कधी दिसतं. अशा वेळी आजारी कोंबडी वेगळी डालावी, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ती अंडी अशुभ म्हणून फेकून न देता बरोबर न्यावीत.