बायोडाटा

बायोडाटा हा शब्द आपल्याकडे प्रथम लग्नाच्या बाजारात रुळला आणि मग नोकरीच्या बाजारात गेला, अशी माझी समजूत आहे. आमच्या भिवंडीत नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन्हींचे नमुने काचेखाली शेजारी शेजारी लावलेले असतात. एकाच्या डोक्यावर ‘श्री’ असते आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ अशी शपथ असते, एवढाच काय तो फरक. एकातला मुलगा मनमिळाऊ आणि निर्व्यसनी असतो. दुसऱ्यातला मेहनती, प्रामाणिक आणि पडेल ते काम करणारा असतो. दुकानदार नाव बदलतो, फोटो बदलतो आणि तोच मेहनती व प्रामाणिक मुलगा एकदा दुबईला, एकदा दोह्याला आणि एकदा मस्कतला पाठवतो. तिकडून उत्तर येत नाही, याचे मग सगळ्यांना नवल वाटते.

मला वाटत नाही. मी मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी स्वतःची मजल मॅट्रिकपर्यंतचीच. पण निबंधांच्या वह्यांचे गठ्ठे तपासण्यात उभी हयात गेलेली आहे. ‘माझी आई’ या विषयाच्या तिसाव्या वहीला काय होते, हे मास्तरालाच ठाऊक! आई प्रेमळ असते, पहाटे उठते, देवासारखी असते. डोळे ओळींवरून घसरत जातात आणि मग एकतिसाव्या वहीत एखादी पोर लिहून जाते, ‘आई कांड्या भरून येते तेव्हा तिच्या केसांत कापूस असतो.’ लाल पेन जागच्या जागी थांबते. दूरदेशी टेबलामागे बसलेला तो अनोळखी माणूस माझ्याहून काही निराळा नसावा. त्याच्यापुढे वह्या अधिक असतात आणि हल्ली पहिली चाळणी संगणकच लावतो, इतकेच. संगणकाला हवे ते शब्द कागदात दिसले नाहीत, तर मनुष्यापर्यंत तो कागद पोचतसुद्धा नाही.

दूरदेशी पाठवलेल्या अर्जांची गोष्ट निघाली की मला कल्याणच्या गोपाळराव जोश्यांची आठवण होते. कल्याण म्हणजे आम्हांला दुर्गाडीच्या पुलापलीकडचे. रस्ता मोकळा असला तर अर्ध्या तासाचे, आणि तो मोकळा कधी असतो हे कोणी विचारू नये. गोपाळराव टपाल खात्यातले. 1878 साली कोल्हापूरहून त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र धाडले. पत्नीला शिकवायचे आहे, तेव्हा आपल्याला अमेरिकेत एखादी नोकरी मिळेल काय, असा मजकूर. नोकरी मिळाली नाहीच. वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याने ते पत्र आपल्या मासिकात छापले आणि वर ख्रिस्ती होण्याचा उपदेश जोडला. अर्ज फुकट गेला असेच कोणीही म्हटले असते. पण दोन वर्षांनी, 1880 मध्ये, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताला तेच मासिक लागले. नोकरी मागणाऱ्या नवऱ्यापेक्षा शिकू पाहणारी बायको त्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दाढदुखीचे एवढे उपकार आपल्या देशावर असतील, हे कोणाच्या स्वप्नात तरी आले असते का?

आनंदीबाईंचे स्वतःचे पत्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. 1883 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी ते लिहिले, तेव्हा त्या जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींना उतरू असे नाही, हे त्यांनी लपवले नाही. कशासाठी शिकायचे आहे, ते मात्र स्वच्छ सांगितले : ज्या स्त्रिया मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरला हात लावू देणार नाहीत, अशा आपल्या देशातल्या स्त्रियांसाठी. ते पत्र दुसऱ्या कोणाच्या नावाने पाठवताच आले नसते. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

हे सारे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगत होतो, तेव्हा तो नम्रपणे ऐकत होता. पण लक्ष हातातल्या कागदाकडे होते. घराणे तेलुगू विणकराचे, आजोबा इथे मागावर आले ते इथलेच झाले. याने नववीतून शाळा सोडली आणि यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यापासून सुरुवात केली. आज तो जॉबर आहे. मागाचा नुसता आवाज ऐकून ‘धोट्याची पेटी ढिली झाली’ म्हणून सांगतो. मागांचा धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही. कित्येक शेडच्या जागी गोदामे उभी राहिली. घरात दोन मुली, आणि ओळखीचा एकजण ओमानला देखभालीचा फिटर म्हणून गेलेला. तेव्हा यालाही जायचे होते.

कागदावर तेच, मेहनती आणि प्रामाणिक.

“अरे, तू मागाबद्दल एक अक्षर लिहिले नाहीस,” मी म्हटले.

“सर, ते काय लिहायचं? ते तर येतंच ना!”

मग आम्ही दोन संध्याकाळी बसलो. किती माग एकट्याने सांभाळतोस? चोवीस. रेपियर माग कधीपासून? मोटरचे बेअरिंग स्वतः बदलतोस की माणूस बोलावतोस? त्याला हे प्रश्न शाळा तपासणीस आल्यासारखे वाटत होते. पण पान भरले आणि झेरॉक्सवाल्याच्या दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला ते चालले नसते. अडले ते पुढेच. हे सारे खरे कशावरून? अठरा वर्षे काम केले, पण हजेरीपटावर नाव नाही, पगाराची चिठ्ठी नाही. मालकाकडे मी स्वतः गेलो. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला, पोराची तोंडभरून स्तुती केली, आणि लेटरहेडवर चार ओळी मागताच त्याला एकाएकी बाहेरचे काम आठवले. लिहून दिले तर उद्या कोणी प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब मागेल, ही त्याची भीती. तिसऱ्या खेपेला त्याने सही केली, तीही तारखा न घालता.

दुसरी अडचण पासपोर्टची. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ अशी तीन अक्षरे येतात. आखाती देश धरून अठरा देशांत नोकरीला जायचे तर अशा माणसाला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते. दहावीचे प्रमाणपत्र असले की ही अक्षरे नाहीत. कायदा मुळात गरिबाच्या रक्षणाचा आहे आणि ते रक्षण खोटे नाही. परवानाधारक एजंटाने तीस हजार रुपये व त्यावरचा कर याहून अधिक घेऊ नये असा नियम आहे, आणि परवाना खरा की खोटा हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. याच्याकडे एका एजंटाने दीड लाख मागितले होते. परवान्याचा क्रमांक विचारताच तो गृहस्थ रागावला. आम्ही उठून आलो. बायकोच्या बांगड्या पेढीवर जायच्या वाचल्या.

अर्ज तीन ठिकाणी गेले आहेत. एका कंपनीने उलट विचारले, रेपियर मागाची कोणती बनावट हाताळली? हा प्रश्न आला त्या दिवशी तो पेढे घेऊनच आला. नोकरी नव्हे, नुसता प्रश्न. पण कोणीतरी कागद वाचला होता.

दरम्यान त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. मार्चमध्ये तो बाहेरून दहावीला बसेल. दिवसपाळी संपली की रात्री नऊला थोरल्या मुलीची पुस्तके घेऊन माझ्याकडे येतो. ती आठवीत आहे आणि बापाचे इंग्रजीचे उच्चार सुधारते. भूमितीचे त्याला भय नाही, ताणाबाणा ज्याने उभा केला त्याला काटकोन काय शिकवायचा? भय आहे ते मराठीच्या निबंधाचे. काल विषय दिला, ‘माझा आवडता छंद’. पाऊण तास बसून त्याने एकच ओळ लिहिली आणि वही पुढे करून विचारले, “सर, छंद नसला तर मागाबद्दल लिहिलेलं चालेल का?”