उजेडाची खरेदी : उल्हासनगर ते बदलापूर

कल्याण मागें टाकून आगगाडी कर्जताच्या वाटेला लागली, म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशीं स्टेशनें ओळीनें येतात. अंबरनाथपर्यंत वस्ती, बाजार आणि कारखाने यांची गर्दी. बदलापूर आलें कीं चंदेरीचा सुळका दिसूं लागतो आणि उल्हास नदीकांठचें रान जवळ येतें. अलीकडे या टापूंतील तरुण मंडळी सुटीच्या रात्रीं तंबू घेऊन डोंगराच्या पायथ्याशीं मुक्कामास जातात. आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांनीं यंदा मोटार घेतली आणि दोन्ही घरच्या मुलांचा मार्गशीर्षांत असाच एक मुक्काम ठरला. शिधा सुनांनीं पाहावा, तंबू मुलांनीं आणावा, आणि दिवे मात्र आम्हीं निवडावे, अशी वांटणी झाली. रिकाम्या माणसास काम मिळालें कीं तो त्याचें शास्त्र करितो. वाचकांनीं तेवढें सोसावें.

खरेदीस आम्ही उल्हासनगरास गेलों. फाळणीनंतर सिंध प्रांतांतून घरदार टाकून आलेल्या लोकांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें. छावणी केव्हांच गेली, तरी तेथील भाग अजून एक ते पांच अशा कँपांच्या नंबरांनींच ओळखले जातात. रिकाम्या हातांनीं आलेल्या या लोकांनीं अल्पावधींत उभा केलेला व्यापार पाहिला, म्हणजे उद्योग कशास म्हणतात तें कळतें. येथील मालावर 'यू. एस. ए.' असा छाप असे आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होता, ही थट्टा मुंबई इलाख्यांत जुनी आहे. आम्हांस ती पुन्हा एकदां ऐकविली ती एका सिंधी दुकानदारानेंच, आणि मनमोकळें हंसून.

याच दुकानदारानें आम्हांस दिव्यांचा पहिला धडा दिला. एका विजेरीच्या खोक्यावर 'दहा हजार लुमेन' असें छापिलेलें होतें आणि आंतील सेलवर '९९०० मिलिअँपिअर-अवर'. लुमेन हें उजेडाचें माप. मेणबत्तीचा उजेड सुमारें बारा लुमेन, आणि पूर्वीं घरोघर असलेल्या चाळीस वॉटच्या पिवळ्या बल्बाचा चारशें-साडेचारशें. तेव्हां दहा हजार म्हणजे बावीस-पंचवीस बल्ब मुठींत धरल्यासारखे झाले! दुसरा आंकडा सेलमधील विजेच्या सांठ्याचा. हे सेल १८६५० या नांवानें विकले जातात; म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचें शून्य आकार गोल असल्याची खूण. एवढ्या नळकांड्यांत आजच्या विद्येनें साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरांच्या आसपासच सांठा मावतो. "मास्तरसाहेब, छापलेलें वाचूं नका, वजन करा," असें म्हणून त्या गृहस्थानें दोन सेल कांट्यावर ठेविले. चांगल्या सेलचें वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या घरांत भरतें. त्यानें तें भरून दाखविलें. ९९०० वाला निम्म्यावर होता. तो माल आपण कां ठेवितां, असें आम्हीं विचारिलें, तेव्हां "लोक मोठा आंकडा मागतात" हें उत्तर मिळालें. त्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

म्हणून गणित आपणच करावें. तीन हजार मिलिअँपिअर-अवर, म्हणजे तीन अँपिअर-अवर, यांस सेलच्या ३.७ व्होल्टांनीं गुणिलें कीं अकरा वॉट-अवर येतात. हल्लींचा बरा एल. ई. डी. दिवा एका वॉटांत शंभर लुमेनच्या आसपास उजेड देतो. तेव्हां शंभर लुमेनवर ठेविला तर हा सेल दहा-अकरा तास चालेल, आणि हजार लुमेनचा झोत सोडला तर तासाभरांत संपेल. मार्गशीर्षांत आमच्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. रात्र तेरा तासांची. दिवा किती लखलखतो हा प्रश्न दुकानांत विचारण्याचा. पहाटे चार वाजतां तो जळत असेल काय, हा रानांत पडणारा. खोक्यावर तासांचा आंकडा असला, तर तो कोणत्या उजेडाचा हेंहि पाहावें. कारण लुमेन मोठ्या झोताचे आणि तास मंद ज्योतीचे छापण्याची वहिवाट आहे.

अंबरनाथास आम्ही उतरलों तें देवदर्शनासाठीं, परंतु दुसरा धडा तेथें मिळाला. वालधुनीकांठचें हें शिवालय शिलाहारांच्या काळचें. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. मंडपांतून वीसेक पायऱ्या खालीं उतरलें म्हणजे गाभारा लागतो. शिखर अपुरें राहिल्यामुळें वरून थोडासा उजेड येतो, तेवढाच. भर दुपारच्या उन्हांतून आंत गेलों कीं प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग खांब दिसतात, आणि आणखी थोडें थांबलें तर खांबांवरील कोरीव कामहि उलगडूं लागतें. अंधारास पूर्ण सरावण्यास डोळ्यांस वीस-तीस मिनिटें लागतात, आणि एकदां सरावले कीं समईएवढा प्रकाश पुरतो. त्याच डोळ्यांवर कोणीं पांढरा झोत मारला तर सारी कमाई क्षणांत जाते. डोळ्यांतील ज्या पेशी अंधारांत काम करितात त्यांस तांबडा रंग जवळजवळ जाणवत नाहीं. म्हणून ज्या दिव्यांत मंद तांबड्या उजेडाची सोय आहे तो घ्यावा. ज्येष्ठांत राजमाचीस काजवे पाहावयास जाणाऱ्यांनीं तर दुसरा दिवा काढूंच नये. खद्योत म्हणजे आकाशांत चमकणारा. त्याचें चमकणें जोडीदारास बोलावण्यासाठीं असतें, आणि आपल्या विजेऱ्यांपुढें तें निरोपाचें बोलणें बुडून जातें. जातां जातां एक सांगावयाचें. याच अंबरनाथांत विमकोचा आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. आतां तो चालत नाहीं. नाक्याच्या नांवांत तेवढा उरला आहे.

बदलापुरास शिवछत्रपतींच्या स्वारीचे घोडे बदलीत, म्हणून बदलापूर, अशी व्युत्पत्ति लोक सांगतात. व्याकरणदृष्ट्या तिजविषयीं आमचें मत राखून ठेवितों. पण दिव्याच्या बाबतींत ती उपयोगी आहे. कांहीं दिव्यांचा सेल आंत कायमचा बसविलेला असतो. तो थकला कीं दिवाच टाकावा लागतो. कांहींचा काढून दुसरा घालतां येतो. आम्हीं दुसरा प्रकार पसंत केला. सुटा सेल मात्र खिशांत किल्ल्यांबरोबर ठेवूं नये, डबींत ठेवावा. दोन्ही टोकांस धातु लागला तर तो पेट घेतो. सेलवर भारतीय मानक ब्यूरोची खूण व 'आर' अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक पाहावा. स्वस्त कंदिलांतून अजून शिशाची बॅटरी येते. ती जड तर असतेच, शिवाय कांहीं महिने रिकामी पडून राहिली कीं निकामी होते. वर्षांतून दोनदां लागणाऱ्या दिव्यास ती घेऊं नये.

पाण्याचा विचार आमच्या गांवास शिकवावा लागत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीं उल्हास नदी आमच्या वस्तींत शिरली होती. पुढें २६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकली. हजारावर प्रवासी, त्यांत लेंकुरवाळ्या व गरोदर बायका, रात्रभर डब्यांत बसून राहिले; दुसरे दिवशीं नौका आल्या, नौदल व वायुदलाची मदत आली आणि दुपारपर्यंत सर्वांची सुटका झाली. अशा रात्रीं ज्याच्याजवळ फक्त फोन असतो त्यास उजेड आणि घरच्यांचा आवाज यांपैकीं एकच निवडावें लागतें. वेगळा दिवा असावा तो यासाठीं. त्यावर 'आय. पी.' या अक्षरांपुढें दोन खुणा असतात, दुसरी पाण्याची. ती ४ असली तर चोहोंकडून उडालेलें पाणी चालतें, ७ असली तर एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडाला तरी बिघडत नाहीं. कोंकणच्या पावसास ४ हें अगदीं कमींत कमी.

मोटारीचा दिवा निराळा. रात्रीं चाक बदलतांना दोन्ही हात मोकळे लागतात. तेव्हां कपाळास बांधण्याचा दिवा किंवा बुडाशीं लोहचुंबक असलेला दिवा हवा, आणि मागून येणाऱ्यास इशारा म्हणून त्यांत लुकलुकणारा पिवळा किंवा तांबडा उजेड असावा. बारवी धरणाकडील रस्त्यावर रात्रीं जो थांबला आहे त्यास हें पटेल. चार्ज करण्यास मोटारीची खोबण आहेच, पण गाडी चालू असतांनाच लावावा. वैशाखांत उन्हांत उभ्या मोटारीच्या आंत साठ अंशांवर उष्णता चढते आणि तिनें सेलचें आयुष्य झपाट्यानें घटतें. दिवा कांचेपुढील फळीवर न ठेवितां घरीं आणावा. तंबूंत मात्र मेणबत्ती, कंदील किंवा गॅसबत्ती कोणत्याहि सबबीवर नेऊं नये. कापड पेटतें ही भीति सर्वांस ठाऊक आहे. बंद तंबूंत साठणाऱ्या विषारी वायूस ना रंग ना वास, आणि निजलेला माणूस उठत नाहीं.

आम्हीं शेवटीं तीन दिवे घेतले : तंबूंत टांगण्यास एक मंद कंदील आणि कपाळास बांधण्याचे दोन. दहा हजार लुमेनवाला घेतला नाहीं म्हणून पुतणे थोडे हिरमुसले. दर संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहत घर जागें असतेंच. त्या वेळीं सूनबाई तिन्ही दिवे ओट्यावर मांडून पेटवून पाहते, आणि ज्याचा उजेड उतरला असेल तो चार्जास लावते.