सुइणींचं भय

रविवार, रात्री

आज छावणीतल्या चर्चमधून आल्यावर निर्गमचा पहिला अध्याय पुन्हा वाचला. इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका, हा फारोचा हुकूम शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी मोडला. बायबल कारण देतं ते एवढंच, की त्या देवाला भ्यायच्या. केवढी धिटाई या भयात! शिक्षेच्या भीतीने माणूस लपतो. आदाम झाडांआड लपलाच की. या दोघींचं भय मात्र आदराचं होतं; त्या राजासमोर उभ्या राहिल्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं बालपण वडिलांच्या कडक सोवळ्याच्या धाकात गेलं. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या कोलमडल्या. पुढे विटाळाची भीती मनातून गेली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. देवाचा आदर मनात शिरला की बाकीचे धाक असे गळतात, असं मला मनापासून वाटतं.

असाच आदर माझ्या मावशीतही होता. ती नर्स होती. रात्रपाळीला वॉर्ड झोपलेला असताना, कुणी बघत नसतानाही, सलाईनच्या बाटलीवरची मुदत ती बोट ठेवून वाचायची. पेशंटबद्दल "देवाचं लेकरू आहे ते," म्हणायची.

पुढच्या रविवारी संडे स्कूलच्या मुलांना सुइणींची गोष्ट सांगणार आहे. नरकाचं चित्र या वेळी नकोच.