गायरांगरचे शेजारी

बर्गनच्या धक्क्यालगत तांबड्या-पिवळ्या लाकडी इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. हे ब्रिगेन. चौदाव्या शतकापासून जर्मन हान्सा संघाचे व्यापारी इथून लोफोटेन बेटांवरचा सुकवलेला कॉड युरोपभर पाठवत. वस्ती सगळी लाकडाची, त्यामुळे वारंवार जळाली. १७०२च्या मोठ्या आगीनंतर ती जुन्याच आखणीवर पुन्हा उभी राहिली. या घरांत विस्तव पेटवायला बंदी होती. स्वयंपाक आणि शेक, दोन्हींसाठी मागच्या वेगळ्या वास्तूत जायचं. नॉर्वेच्या हिवाळ्यात, चुलीशिवाय! मला तर आमच्या जहाजाच्या डेकवर उन्हाळ्यातही कानटोपी सुटत नव्हती.

पण खरी थक्क होण्याची वेळ आली गायरांगरच्या फ्योर्डमध्ये. हिमनद्यांनी कोरलेली ही पंधरा किलोमीटरची खाडी २००५पासून जागतिक वारसा आहे. दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे, आणि आमचं अनेक मजली जहाज त्यांच्यामधून मुकाट सरकत होतं. डावीकडे 'सात बहिणी' धबधबा कोसळत होता. त्याच्या शेजारच्या कपारीत क्निव्सफ्लोचं शेत. वरून दरड येईल या भीतीने ते १८९८मध्ये सोडलं गेलं. समोरच्या कड्यावर, पाण्यापासून अडीचशे मीटर उंचावर, स्कागेफ्लो. तिथे माणसं बकऱ्या पाळत. खेळणारी मुलं घसरू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. करवसूलदार आला की शिडी वर ओढून घेत, असंही सांगतात! मी दुर्बिणीतून वाट शोधत राहिलो. सापडली नाही.

दरडीची भीती पोकळ नव्हती. जवळच्या ताफ्योर्डमध्ये १९३४ साली डोंगर पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटेने चाळीस माणसं नेली. आम्ही ज्याच्या पायथ्यावरून आलो, त्या ओकरनेसच्या डोंगरालाही मोठी भेग आहे. ती दरवर्षी काही सेंटीमीटर रुंदावते. यंत्रं तिच्यावर रात्रंदिवस नजर ठेवतात. कडा सुटला तर लाट काही मिनिटांत काठावरच्या गावांत पोहोचेल. लोक हे जाणून तिथेच राहतात.

नॉर्वेने आता दुसऱ्या एका धोक्यावरही बोट ठेवलंय: जहाजांचा धूर. वारसा फ्योर्डांत शिरणाऱ्या दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना २०२६पासून धूर सोडायला मनाई, मोठ्यांना २०३२पर्यंत सवलत. आमचं जहाज अर्थातच मोठ्यांतलं.